इंग्रजांचा राग आणि त्यांची बोली

साहेब रागावत नाही, अशी एक समजूत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत होती. साहेब आवाज न चढविता माणसाला नोकरीवरून काढतो, आणि आपला मामलेदार त्याच चुकीसाठी सारी कचेरी डोक्यावर घेतो व संध्याकाळी सगळे विसरून जातो, अशी तुलना तेव्हा मोठ्या चवीने केली जाई. ही समजूत मुख्यतः साहेबानेच जोपासली होती. राज्य करणाऱ्याला तापट म्हणवून घेणे परवडत नाही. परंतु इंग्रजांच्या रस्त्यावरच्या बोलीचे कोश ज्यांनी चाळले असतील, त्यांना ह्या शांतपणाची मौज वाटल्यावाचून राहणार नाही. रागाच्या भरात माणसाचा तोल सुटणे, ह्या एका क्रियेसाठी त्या भाषेत जितके वाक्प्रचार आहेत, तितके दारू पिऊन झिंगण्याचे सोडले तर दुसऱ्या कशाचे असतील असे आम्हाला वाटत नाही.

ह्या वाक्प्रचारांचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. ग्रंथांतले भारदस्त शब्द आपण बाजूला ठेवू. गुत्ता, तबेला, बराक, मेंढवाडा आणि पाळणाघर ह्या ठिकाणी जन्मलेले शब्द घेऊ. तेही ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ह्या दोन देशांतले. ते घेताना एकच प्रश्न आम्ही पुनःपुन्हा विचारणार आहोत: हा शब्द कोणी घडविला? रागावलेल्याने, की त्याच्याकडे पाहत उभा असलेल्याने?

आरंभ मात्र भारदस्त शब्दापासूनच करावा लागेल. राग येणे ह्याला इंग्रजीत 'टेंपर हरवणे' म्हणतात. टेंपर हा शब्द लॅटिनमधला. योग्य प्रमाणात मिसळणे हा त्याचा मूळ अर्थ. युरोपातले जुने वैद्य शरीरात चार द्रव मानीत: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. ह्या चौघांचे ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे जे मिश्रण, ते त्याचे टेंपर. मिश्रण बिघडले की टेंपर हरवले. आपल्याकडे वात, पित्त, कफ मानणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. आपले पित्त खवळते, त्यांचे मिश्रण नासते, एवढाच फरक. पुढे गंमत अशी झाली की, टेंपर ह्या शब्दाचाच अर्थ राग असा होऊन बसला. मग ज्याच्याजवळ टेंपर आहे तोही रागीट आणि ज्याचे हरवले तोही रागावलेला! व्याकरणकारांनी कपाळाला हात लावावा अशी ही अवस्था आहे, पण भाषा व्याकरणकारांना विचारून चालत नाही.

वैद्यांच्या ह्या शब्दांत माणसाचा उपहास नाही. तो रोगी आहे, एवढेच म्हणणे आहे. उपहास दिसू लागतो तो बोलीत. १७८५ साली कॅप्टन फ्रान्सिस ग्रोज ह्या गृहस्थाने लंडनच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या भाषेचा कोश छापला. हा ग्रोज पलटणीतला अधिकारी, पुराणवस्तूंचा व्यासंगी आणि देहाने अतिशय स्थूल. रात्री आपल्या मदतनिसाला बरोबर घेऊन तो गल्ल्याबोळांतून आणि गुत्त्यांतून शब्द टिपीत हिंडे, असे सांगतात. त्याच्या कोशात रागावलेल्या माणसाची 'पाठ वर झाली' असा प्रयोग नोंदविलेला आहे, आणि तो मांजरावरून आला हेही त्यानेच सांगून ठेवले आहे. मांजर चिडले की पाठीची कमान करते. लगेच पुढे तो म्हणतो की, पाठीला कुबड असलेल्या माणसालाही हाच शब्द टाकून हिणवतात: काय हो, तुम्हाला कोणी दुखावले वाटते, पाठ वर आलेली दिसते! त्याच कोशात जॉकी लोकांचा एक शब्द आहे. अडून बसलेल्या घोड्याने 'रस्ट पकडला' असे ते म्हणत, आणि तोच शब्द हट्टी, फुरंगटलेल्या माणसाला लागू झाला. ह्यातला रस्ट म्हणजे गंज नव्हे. अडेल ह्या अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे.

मांजर आणि घोडा. ही नावे रागावलेला माणूस स्वतःला देणार नाही. ती शेजारी उभे राहून, हाताची घडी घालून पाहणाऱ्याने दिलेली आहेत. आणि पाहणाऱ्याने एकदा नाव दिले की, घोडा का अडला हे विचारण्याची गरज संपते.

ह्या बाबतीत मराठी फार निराळी आहे, असे कोणी समजू नये. आपल्या भाषेत घरचा कर्ता पुरुष संतापला तर त्याचा जमदग्नीचा अवतार होतो, फार झाले तर तो दुर्वास ठरतो. म्हणजे राग आला तरी तो ऋषीच! सून संतापली तर ती मात्र भांड्यांची आदळआपट करते, आणि पोर संतापले तर थयथयाट. राग तोच, पण नाव पदाप्रमाणे मिळते. इंग्रजीतही बायकांच्या रागासाठी एक खास वाक्प्रचार आहे. तो त्यांच्या अंतर्वस्त्राला पडलेल्या पिळावरून निघाला असल्यामुळे ह्या सभेत त्याचा विस्तार आम्ही करीत नाही.

एकोणिसाव्या शतकात जॉन कॅमडेन हॉटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने बोलीचा कोश काढला. त्याची पहिली आवृत्ती १८५९ ची. पुढच्या आवृत्त्यांत 'शर्टी' हा शब्द भेटतो. चिडलेल्या माणसाचा 'सदरा बाहेर आला' असे लंडनचे लोक म्हणत. हाणामारीच्या तयारीत सदरा विजारीतून सुटतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या शब्दाचे चित्र दिसेल. शर्टी अजूनही इंग्लंडात ऐकू येतो. आगगाडीच्या आणि गिरण्यांच्या युगाने बाष्पपात्राची उपमा दिली, वाफ सोडणे आले; ते आता जगभर झाले असल्यामुळे त्यात थांबत नाही.

थांबावयास हवे ते 'पॅडी' ह्या शब्दापाशी. इंग्लंडातली आई हातपाय आपटणाऱ्या मुलाविषयी म्हणते, त्याला पॅडी आली आहे. शब्द ऐकावयास गोड, लाडिक. पण पॅडी हे आयर्लंडच्या पॅट्रिक ह्या नावाचे लघुरूप, आणि इंग्रज लोक सरसकट कोणत्याही आयरिश माणसाला पॅडी म्हणत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक लागोपाठ कुजले. १८५२ पर्यंतच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळशी इंग्लंडातच उतरली. १८६१ च्या खानेसुमारीत इंग्लंड व वेल्समध्ये आयर्लंडात जन्मलेले लोक सहा लाखांवर भरले. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या तळघरांतून ते राहत, गोद्या आणि लोहमार्ग खोदीत. ज्या वर्षांत आयर्लंडात माणसे उपाशी मरत होती, त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात होती. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला राग येणार नाही तर काय येईल? परंतु 'पंच' सारख्या पत्राने आयरिश माणूस चितारला तो वानराच्या तोंडाचा, हातात दंडुका घेतलेला. त्याचा राग हा त्याच्या जातीचा स्वभाव ठरला. शतकाच्या अखेरीस जातीचे नाव हेच रागाचे नाव झाले, आणि मग ते पाळण्यातल्या पोराला लागले. एका देशाचा संताप तीन पायऱ्यांत बाळाच्या रडण्याएवढा झाला, आणि त्यासाठी कोणाला काही युक्तिवाद करावा लागला नाही. ज्या माउल्या आज हा शब्द वापरतात त्यांच्या मनात आयर्लंड नसते, हे आम्हाला मान्य आहे. शब्दाची हकिकत त्यामुळे बदलत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. १७८८ च्या जानेवारीत ११ जहाजांचा पहिला तांडा सिडनीजवळ पोहोचला, तेव्हापासून १८६८ पर्यंत सुमारे १,६०,००० कैदी ब्रिटन आणि आयर्लंडातून तिकडे पाठविले गेले. ग्रोजने ज्यांची भाषा टिपली, तीच ही माणसे. वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्याने १७९३ च्या आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे की, चोरांची ही बोली इतकी वेगळी होती की, वसाहतीच्या न्यायासनापुढे साक्षीदाराचे इंग्रजी समजण्यासाठी वारंवार दुभाष्या लागे. इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करणारा दुभाष्या! पुढे जेम्स हार्डी व्हॉ ह्या कैद्यानेच १८१२ साली त्या बोलीची शब्दसूची तयार केली. ती १८१९ मध्ये त्याच्या आत्मवृत्तासह छापली गेली. ऑस्ट्रेलियात तयार झालेला हा पहिला कोश. व्हॉ हा तीनदा काळ्या पाण्यावर गेलेला माणूस होता, तेव्हा त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

ह्या कैद्यांना मालकांकडे कामाला लावून देत. मालकाला उलटून बोलणे, डोळे वटारणे, हा तिथे गुन्हा होता. उर्मटपणा ह्या सदराखाली न्यायाधीशापुढे उभे करून २५ किंवा ५० फटक्यांची शिक्षा देत. म्हणजे डोके ताब्यात ठेवणे ही तिथे सभ्यतेची बाब नव्हती, पाठीच्या कातड्याची होती. अशा समाजात रागाची बोली कशी वाढली असेल, ह्याचा विचार करताना आमचे लक्ष 'ब्लॉक' ह्या शब्दाकडे जाते. ब्लॉक म्हणजे ठोकळा, आणि बोलीत डोके. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियन माणूस 'ब्लॉक करतो' किंवा 'ब्लॉक हरवतो' म्हणजे त्याचे भान सुटते. तो 'ब्लॉक राखतो' म्हणजे शांत राहतो. १९१५ मध्ये सी. जे. डेनिस ह्या कवीने मेलबर्नच्या एका मवाली तरुणाची प्रेमकथा त्याच्याच बोलीत पद्यात सांगितली. 'साँग्स ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक' हे ते पुस्तक. महायुद्ध चालू होते. खंदकांतल्या सैनिकांसाठी त्याची खिशात मावणारी आवृत्ती निघाली आणि दीड वर्षात पन्नास हजारांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकाच्या शेवटी कवीने शब्दार्थ दिले आहेत, त्यांत ब्लॉक हरवणे आणि ब्लॉक राखणे हे दोन्ही आहेत.

ह्या काव्यात आमच्या प्रश्नाला प्रथमच निराळे उत्तर मिळते. इथे गवती टोपी घातलेल्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारा आणि त्यापायी आपल्या प्रेयसीला काही दिवस मुकणारा नायक स्वतःच ही कथा सांगतो. राग त्याचा, शब्दही त्याचे. दुसरा कोणी घडीच्या हातांनी बाजूला उभा नाही.

कुरणांतल्या शब्दांचेही तसेच. 'रोपेबल' म्हणजे दोरखंडाने जखडण्याजोगा. मोकाट गुरे वळवताना जे खोंड अंगावर येई त्याला हा शब्द होता; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो संतापलेल्या माणसाला लागला. ग्रोजचा घोडा आणि हे खोंड सारखेच, असे कोणी म्हणेल. पण एक फरक आहे. इंग्लंडात असे शब्द बहुधा वरच्याने खालच्याला लावले. ऑस्ट्रेलियात गुराख्याने ते मालकालाही लावले. मालक आज दोरखंडाला आलाय, असे म्हणणारा मजूर मालकाच्या रागाला भीत नसतो. ह्याच काळातली १८९१ ची क्वीन्सलंडमधली मेंढ्या कातरणाऱ्यांची हरताळ प्रसिद्ध आहे. तिच्या पुढाऱ्यांना कटाच्या आरोपावरून ३ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि सेंट हेलेना बेटावर धाडण्यात आले. पुढे त्या चळवळीतूनच मजूर पक्ष उभा राहिला, असे ऑस्ट्रेलियन मोठ्या अभिमानाने सांगतात. मालकाला खोंड म्हणणारी जीभ आणि मालकापुढे संघ उभा करणारी माणसे एकाच कुरणावर होती, एवढे आम्ही नमूद करतो. त्याहून अधिक जोडणी करण्याचा मोह टाळलेला बरा.

त्या देशातले आणखी शब्द चुटपुटते सांगतो. 'क्रुक होणे' म्हणजे कोणावर तरी उखडणे. हाच क्रुक आजारी माणसालाही आणि नासक्या मालालाही चालतो. 'सायकलवरून उतरू नकोस' म्हणजे चिडू नकोस. १९३० च्या सुमाराचा हा प्रयोग, वाटेत भांडण झाले की सायकल टाकून अंगावर येणाऱ्याचे चित्र. 'नाना करणे' हाही एक आहे. तिथला नाना म्हणजे केळे, आणि बोलीत डोके. आपल्याकडच्या नानांनी तो मनावर घेण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दोन्ही देशांची बोली एका वेगळ्याच ठिकाणी वळली. गुत्ता आणि कुरण मागे पडले आणि पाळणाघर आले. ब्रिटनमध्ये संतापलेला माणूस 'बाबागाडीतून खेळणी फेकतो'. ऑस्ट्रेलियात तो 'चोखणी थुंकतो'. तान्ह्या मुलाच्या तोंडात रबराची चोखणी देतात, ती. हे शेवटचे शब्द विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. ते सर्वांत विनोदी आहेत आणि आमच्या मते सर्वांत निर्दय. मांजराच्या पाठीला निदान नखांचे भय असते, खोंडाला शिंगे असतात. चोखणी थुंकणाऱ्याला काहीच नसते. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत आज एखाद्या मंत्र्याने राजीनामा फेकला, खेळाडूने पंचाशी वाद घातला, की तो चोखणी थुंकणे ह्या एका शब्दात निकालात निघतो. पुष्कळदा तो त्याच लायकीचा असतो हे खरे. पण राजीनाम्यात काय लिहिले होते, हे मथळ्यात येत नाही.

राहिला एक शब्द, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की नाशिकच्या अलीकडे देवळाली लागते. १८६० नंतर तिथे गोऱ्या पलटणींसाठी मोठी छावणी वसली. मुंबईला उतरणाऱ्या आणि मुंबईहून परत जाणाऱ्या तुकड्या तिथे ठेवीत. पलटणींची जहाजे ऋतू पाहून चालत, साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. ज्याची नोकरीची मुदत संपली, तो हिंदुस्थानच्या कोणत्याही कोपऱ्यातून देवळालीला येई आणि जहाजाची वाट पाहत बसे. ऋतूतले शेवटचे जहाज चुकले तर पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. फ्रँक रिचर्ड्स ह्या साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या; त्यांत ह्या छावणीचे वर्णन आहे. काम नाही, कवायत नाममात्र, ऊन, हिवताप, दारू. वर्षानुवर्षे शिस्तीने वागलेले शिपाई तिथे विचित्र वागू लागत, कोणी तुरुंगात जाई, कोणी रुग्णालयात. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला असे बराकीत म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली. टॅप म्हणजे आपला ताप.

देवळालीचा ताप! पहिल्या महायुद्धानंतरच्या सैनिकी शब्दांच्या कोशांत तो छापला गेला, आणि तिथून साऱ्या ब्रिटनभर झाला. अर्थ मूळचा वेड लागणे असा. पण वेड आणि राग ह्यांची सीमा इंग्रजीतही पुसट आहे आणि मराठीतही. डोके फिरले, हे आपण दोघांनाही म्हणतो. त्यामुळे आज इंग्लंडात आई घरातला पसारा पाहून 'डूलॅली' होते, साहेब हिशेबातली चूक पाहून डूलॅली होतो.

हा शब्द प्रथम उच्चारणारे शिपाई स्वतः तीच वाट पाहत बसलेले होते. आज शेजारच्या खाटेवरचा, उद्या मी, अशी त्यांची स्थिती. म्हणून त्यांच्या तोंडी ह्या शब्दात थट्टेबरोबर भीतीही असावी, असे आम्हाला वाटते. सात-आठ वर्षे परमुलखात पलटणीत काढलेल्या, घरी जाण्याचा हक्क झालेल्या माणसाला जहाज नाही म्हणून महिनोन्‌महिने उन्हात बसविले तर त्याने संतापू नये काय? ह्या संतापाचा अर्ज त्याला कोणाकडे करता येत नव्हता. केला असता तर तो शिस्तभंग. ताप म्हटले की वैद्याचे काम, अधिकाऱ्याचे नव्हे.

१९७४ ते १९८१ ह्या काळात ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर एक विनोदी मालिका चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतली सैनिकांची नाटकमंडळी तीत होती, आणि तिच्या आरंभीच्या भागांचा मुक्काम देवळालीच्या छावणीत होता. लाखो लोकांनी ती पाहिली. त्या छावणीच्या जागी आज आपल्या तोफखान्याचे विद्यालय आहे. शब्दातला दुसरा भाग ब्रिटनमध्ये केव्हाच गळून पडला. आता नुसते डूलॅली म्हणतात, आणि ते एका गावाचे नाव आहे हे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.